मनमाडला खाल्लेला गोल

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही, आणि त्या टीममधल्या ज्या दोघी-तिघी अजून माझ्याकडे येऊन-जाऊन असतात त्यांना तर नाहीच नाही. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — आणि ओळखत असलात तरी आता माझी काही हरकत नाही. फक्त मधेच ‘जाऊ दे गं, लहान होतीस’ असलं काही ऐकवू नका. लहान नव्हते. कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते आणि मुलींच्या फुटबॉल टीमची कॅप्टन होते.

चांगली कॅप्टन होते, हेही सांगणार. कबुली द्यायची म्हणजे स्वतःला पार धुळीत लोळवायचं, असं कुठे लिहिलंय? नाशिकला गंगापूर रोडवरच्या आमच्या कॉलेजात मुलींचा फुटबॉल म्हणजे चेष्टेचा विषय होता. मुलांची क्रिकेटची प्रॅक्टिस संपली की उरलेल्या उजेडात आम्हाला मैदान मिळायचं, आणि ती पोरं घरी न जाता कठड्यावर बसून शिट्ट्या मारायची. त्या टीमला मी आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेच्या फायनलपर्यंत नेलं. एकटीने नाही, पण नेलं. ते श्रेय मी सोडणार नाही.

आणि टीममध्ये एक रीत मी घालून दिली होती. आधी काय व्हायचं — मॅच हरली की परतीच्या गाडीत कलकलाट. तू पास दिला नाहीस, तू मागे आलीच नाहीस, तुझ्यामुळेच हरलो. दोघींनी तर सहा महिने एकमेकींचं तोंड बघितलं नव्हतं. मग मी ठरवलं, हरलो की बूट काढायच्या आधी, पाण्याला हात लावायच्या आधी, मैदानातच गोल करून बसायचं आणि प्रत्येकीने आपली चूक सांगायची. फक्त आपली. दुसरीकडे बोट दाखवायचं नाही, आणि कोणी चूक सांगितली की तिला उलटा प्रश्नही विचारायचा नाही. मुली त्याला पंचनामा म्हणायच्या. आमच्या खेळाच्या सरांना तो इतका आवडला की दुसऱ्या कॉलेजच्या सरांना ते कौतुकाने सांगायचे, आमची कॅप्टन खरं बोलते आणि बोलायला लावते.

खरं बोलते! हसू येतं की नाही?

आता यमुनाबद्दल सांगते. यमुना आमची गोलकीपर, म्हणजे आमच्या भाषेत गोली. सुरगाण्याच्या पलीकडच्या एका पाड्यावरची, इथे मुलींच्या वसतिगृहात राहायची. मैदानाबाहेर तिच्याकडून दोन वाक्यं सलग ऐकायला मिळाली तर नशीब. पण दोन खांबांमध्ये उभी राहिली की तिचा आवाज पार कॅन्टीनपर्यंत जायचा. “ए ताई, डावीकडं सरक! लय नाय, थोडी! आता हलू नको!” माझ्याहून वर्षाने लहान होती, मला ताई म्हणायची, आणि ताई म्हणत म्हणतच झापायची. मला ते आवडायचं. मला ती आवडायची — हे लिहायला आत्ता जड जातंय, पण खरं आहे.

तिला विद्यापीठाच्या टीममध्ये जायचं होतं. लपवायची नाही. आमच्यातल्या बाकीच्या ‘बघू, झालं तर झालं’ असं म्हणायच्या, आतून मरत असल्या तरी. ती सरळ सांगायची. “ती जर्सी घालून एकदा गावात जायचंय ताई. मग बापाला कळंल, मी इथं काय करते ते.” बाकी तिने कधी कोणाकडे काही मागितलेलं मला आठवत नाही.

फायनल मनमाडला होती, मनमाडच्याच कॉलेजशी. मैदान म्हणजे मुरूम नुसता, गवताचं नाव नाही, पडलं की कोपर सोलून निघणार. त्यांच्या बाजूने सगळं गाव आलेलं. दोन्हीकडून गोल होत नव्हता आणि वेळ संपत आली होती. तेवढ्यात आमच्या एका पोरीने त्यांच्या फॉरवर्डला पाडलं आणि गोलच्या अगदी समोर त्यांना फ्री किक मिळाली.

अशा वेळी बॉल अडवायला चौघी-पाच जणी खांद्याला खांदा लावून उभ्या राहतात. आम्ही त्याला वॉल म्हणायचो. वॉल कुठे लावायची ते गोली मागून ओरडून सांगते, कारण वॉलने जेवढा गोल झाकलाय तो सोडून उरलेला ती सांभाळणार असते. वॉलमधल्यांना काम एकच. हलायचं नाही. तोंड फिरवायचं नाही. बॉल लागला तर लागला. वर्षभर मी पोरींना हेच घोकवत होते, आणि जी तोंड फिरवेल तिला मैदानाला फेऱ्या मारायला लावत होते. यमुनाने वॉल लावली. सगळ्यात उंच म्हणून मी कडेला, खांबाच्या बाजूला.

आणि किक बसली — आणि मी मान खाली घातली.

बघा, एवढंच वाक्य. इतकी वर्षं ते माझ्याने उच्चारलं गेलं नाही. का घातली? कारणं आहेत माझ्याकडे. चांगली आहेत, ऐकलीत तर तुम्हाला माझी दयाही येईल. म्हणूनच सांगत नाही. घाबरले, बास. जिथे माझं डोकं असायला हवं होतं तिथून बॉल गेला आणि जाळीत जाऊन बसला. बाकीच्या वॉलमधल्यांचं लक्ष समोर होतं, माझ्याकडे कोणाचं नव्हतं. आम्ही हरलो.

पण थांबा. मी जे कबूल करायला बसलेय ते हे नाही. घाबरणं हा काही गुन्हा नाही, आणि त्याबद्दल मी कोणापुढे नाक घासणार नाही. चेहऱ्यावर येणाऱ्या बॉलला घाबरलं नाही असं एक माणूस दाखवा मला.

पुढचं ऐका.

शिट्टी झाली. आम्ही तिथेच मुरमात गोल करून बसलो, पंचनाम्याला. कोणी रडत होतं, कोणी नुसतंच जमीन उकरत होतं. सर मागे हाताची घडी घालून उभे. एकेक जण बोलत होती. मी दमले, मी पास चुकवला, मी फाऊल करायला नको होता. मग यमुना. मान वर करून, मैदानात बोलायची त्याच आवाजात म्हणाली, “माझं चुकलं. वॉल मीच तिरपी लावली. खांबाकडं जागा राहिली.”

वॉल तिरपी नव्हती. उभं राहताना मी मागे वळून बघितलं होतं, खांब माझ्या खांद्याच्या रेषेत होता. पुढचा नंबर माझाच होता. आणि मी काय म्हणाले माहितीये? “सेकंड हाफमध्ये माझे लांबचे पास कमी पडले.” सर हळूच म्हणाले, शाब्बास. उलटा प्रश्न कोणी विचारला नाही, कारण तसा नियम होता आणि तो मीच केला होता. नियम चांगला होता, आजही सांगते. आता शिकवते त्या शाळेतल्या मुलींना मी तो अजून पाळायला लावते. त्यात खोटं घुसलं ते माझं.

तरीसुद्धा हे एवढ्यावर राहिलं असतं, तर मी आज लिहीत नसते. हरलेल्या मॅचचं काय, पुढच्या वर्षी विसरतात.

पण उठताना यमुनाने माझ्याकडे बघितलं. नीट, डोळ्यांत डोळे घालून बघितलं. आणि माझ्या मनाने घेतलं, हिने पाहिलंय. मागे उभी होती, समोरचं सगळं तिच्या डोळ्यांपुढे. पाहिलंय आणि मला पाठीशी घालतेय. तुम्हाला वाटेल, मग मला तिच्याबद्दल माया वाटली असेल. नाही वाटली. राग आला. माझ्यावर उपकार करायला हिला कोणी सांगितलं होतं?

पुढच्या आठवड्यात नाशिकलाच विद्यापीठाच्या टीमची निवड झाली. माझं नाव जवळजवळ नक्की होतं. गोली म्हणून मनमाडची एक मुलगी घ्यायची की यमुना, यावर समितीचं अडत होतं. उन्हात खुर्च्या टाकून सगळे बसले होते. आमच्या सरांनी मला हाक मारली आणि समितीतल्या मॅडमना म्हणाले, “हिला विचारा. फायनलमध्ये ही तिच्या पुढ्यातच होती. आणि ही तोंडदेखलं बोलणार नाही.” मॅडमनी विचारलं, काय गं, कशी आहे तुमची गोली?

काय सांगायला हवं होतं? दोन वर्षांत तिने किती मॅच आम्हाला एकटीने वाचवून दिल्या होत्या. फायनलमध्येसुद्धा त्या एका गोलच्या आधी मनमाडच्या पोरी डोकं धरून बसल्या होत्या, इतकं तिने अडवलं होतं. हे सगळं मला तोंडपाठ होतं.

मी म्हणाले, “प्रॅक्टिसला भारी आहे, मॅडम. पण मोठ्या मॅचमध्ये घाबरते. वॉल लावताना गडबडते.”

मुद्दाम म्हणाले. तोंडातून निसटलं वगैरे काही नाही. विद्यापीठाच्या टीमच्या कॅम्पला ती आली तर महिनाभर एका खोलीत राहणार, एका ताटात जेवणार, आणि एक दिवस म्हणणार, ताई, त्या दिवशी तू मान खाली घातली होतीस ना? तो दिवस मला यायला नको होता. म्हणून तिचं जाणं मोडलं. यालाच म्हणतात घात करणं, आणि त्याला मी दुसरा शब्द शोधणार नाही. मॅडमनी मान डोलावली. मनमाडची मुलगी गेली. मी गेले, खेळले, मजेत खेळले. जेवण गोड लागत नव्हतं, झोप उडाली होती — असलं काही मी सांगणार नाही, कारण तसं झालं नाही. झोप मस्त लागायची.

परत आले तोवर यमुनाने खेळणं सोडलं होतं. का म्हणून मी विचारलं नाही. पदवी झाली, ती गावी गेली, मी नोकरीला लागले. पुढे मी शाळेत खेळांची शिक्षिका झाले, मुलींच्या टीम तयार केल्या, आणि गंमत बघा, स्पष्ट बोलणारी म्हणून निवड समित्यांवर मला हटकून बोलावतात. त्या जुन्या टीमचा मोबाइलवर ग्रुप आहे. मनमाडचा विषय निघाला की कोणीतरी लिहितंच, बिचाऱ्या यमूने वॉल तिरपी लावली नसती तर! त्याखाली हसरे चेहरे. यमुना त्या ग्रुपमध्ये नाही. मीही एकदा हसरा चेहरा टाकला होता.

या हिवाळ्यात ती भेटली. जिल्ह्याच्या मुलींची निवड होती, मी समितीत. सुरगाण्याकडच्या एका आश्रमशाळेच्या पोरींना घेऊन एक बाई आल्या, ओळीत उभं करून पाणी देत होत्या. आवाजावरून ओळखलं मी. तिनेही ओळखलं, धावत आली, माझे दोन्ही हात धरले. किती आनंद झाला होता तिला! इतका आनंद मला बघून कोणाला होतो? मी मनाशी म्हणत होते, आता बोलेल. आता ते काढेल.

तिने काढलंच. एका उंच, काटक मुलीला पुढे ओढलं आणि म्हणाली, “ताई, ही माझी गोली. हिला नीट बघा. घाबरत असेल तर आत्ताच सांगा, माझ्यासारखं नको व्हायला.”

मी विचारलं, तुझ्यासारखं म्हणजे?

“ती फायनल नाही का? तो बॉल मला दिसलाच नाही ताई. तुम्ही सगळ्या समोर होतात, एकदम जाळीत गेल्यावर कळलं. तेव्हा मला वाटलं, वॉल तिरपी लागली असेल. मग सरांनी सांगितलं, तुम्ही म्हणालात मी घाबरते म्हणून. मला तर तोवर माहीतच नव्हतं, मी घाबरते ते.” आणि हसली. “बरं झालं तुम्ही खरं बोललात. नाहीतर उगाच आशा लावून बसले असते.”

तिने काहीच पाहिलं नव्हतं.

ऐकताय ना? पाहिलंच नव्हतं. त्या दिवशी मुरमातून उठताना ती माझ्याकडे बघत होती ते एवढ्यासाठी, की कॅप्टन रागावली तर नाही ना. जी गोष्ट तिला ठाऊकच नव्हती तीच ती कधीतरी बोलून दाखवेल म्हणून मी तिला कापलं, आणि ती माझा शब्द खरा मानून इतकी वर्षं जगली.

तेव्हा तरी मी बोलले असेन, असं तुम्हाला वाटतंय का? मी तिच्या त्या मुलीला म्हणाले, चल, ग्लोव्हज घाल. मुलगी चांगली होती, घेतली. त्यात मी काही फेडलं असं कोणी समजू नका, ती आपल्या खेळावर आली, माझ्यामुळे नाही. यमुना जाताना वाकून नमस्कार करायला लागली. मी तिला अडवलं, आणि ती त्याला माझा मोठेपणा समजली.

हे लिहिलं म्हणजे तिला सांगितलं असं होत नाही, तेवढं मला कळतं. तिला अजून सांगितलेलं नाही. सांगेन की नाही, याचं वचन तुम्हाला देऊन मी उगाच चांगली ठरणार नाही. तुम्ही मला काय म्हणायचं ते म्हणा, किंवा काही म्हणू नका. पण त्या दिवशी खुर्चीतल्या मॅडमनी मला एक प्रश्न विचारला होता आणि त्याचं उत्तर द्यायचं राहिलंय.

आमची गोली घाबरत नाही, मॅडम. प्रॅक्टिसला नाही, मॅचमध्ये नाही, फायनलला तर मुळीच नाही. वॉल तिने सरळ लावली होती.