शिट्टी

गाडीच्या डिकीत बसणाऱ्या सबवूफर स्पीकरच्या पेट्या घडवण्यात त्या सुताराची तीस वर्षे गेली. फळ्या सांधाव्या, स्पीकर वाजवावा आणि कान लावावा. सांध्यातून हवा निसटली की बारीक शिट्टी येते. कानाने ग्वाही दिल्यावाचून पेटी दुकानाबाहेर जायची नाही, हाच त्याचा नेम, हीच त्याची पूजा.

आज कान लावून तो म्हणाला, "झाली. अगदी घट्ट."

"अहो, केव्हाची शिट्टी वाजतेय," दारातून बायको म्हणाली.

"थट्टा करतेस?"

तिने जवळ येऊन त्याचा तळहात सांध्यावर ठेवला. हवेची झुळूक बोटांना लागली; कानाला मात्र काहीच कळले नाही.

त्याने स्पीकर बंद केला.

"याआधीच्या किती पेट्या अशाच गेल्या असतील गं?"

तिने त्याचा हात सोडला नाही.