एक म्हणजे उत्तम

नवऱ्याला ठाऊक नाही, सख्ख्या बहिणीला नाही. सोसायटीतल्या मैत्रिणींना तर मी ऑफिसात नेमकं काय करते हेच धड माहीत नाही. मग तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही — कदाचित एवढंच कारण असेल.

मी वसई पूर्वेच्या एका भांड्यांच्या कारखान्यात ट्रेनिंग विभागात आहे. कामगारांना प्रशिक्षण दिलं की शेवटी एक फॉर्म वाटतात ना — शिकवणं कसं होतं, समजलं का, एक ते पाचपैकी एका आकड्याला गोल करा — तो फॉर्म मी बनवते. हसू नका. चांगला प्रश्न लिहिणं सोपं नसतं. 'प्रशिक्षण आवडलं का?' असं विचारलं तर सगळेच हो म्हणतात, चहा-समोसा मिळालेला असतो. 'मशीन अडकलं तर आधी काय कराल?' असं विचारलं तर खरं कळतं. बारा वर्षं मी हे मन लावून केलं. शिकवायचेही. माझ्या वर्गात लोक जांभया द्यायचे, आणि तेही मला माझ्याच फॉर्ममधून कळायचं. तीन, तीन, कधीतरी चार.

मग नयना आली. वसईतल्याच सांडोर गावची, केळीच्या वाडीतली, माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान. सहा महिन्यांसाठी घेतलेली. पुढे कायम करायचं की नाही, ते फॉर्मच्या आकड्यांवर ठरणार होतं. प्रेस मशीनवर बोटं कशी वाचवायची, हे ती शिकवायची. आणि काय शिकवायची! एखाद्या दांडग्या माणसाच्या डोळ्यांना रुमाल बांधून त्याला मशीन थांबवायचं लाल बटण चाचपत शोधायला लावायची. गावच्या बोलीत त्याची खेचायची. शेडमधला तो हशा माझ्या टेबलापर्यंत यायचा आणि माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. ती वाईट होती का? छे. घरी वाळवलेली गोड सुकेळी आणून द्यायची, ताई ताई करत मागे असायची. तेच तर जास्त झोंबायचं. वाईट असती तर निदान भांडता तरी आलं असतं.

आता सांगते — नाही, आधी एक ऐका. आमच्या फॉर्मवर कायम पाच म्हणजे उत्तम असायचं. कामगारांना त्याची सवय झालेली. वरच्या सूचना कोण वाचतो? आवडलं की शेवटच्या आकड्याला गोल, आणि पळाले कँटीनकडे.

नयनाच्या तिसऱ्या बॅचच्या वेळी मी ती आकड्यांची पट्टी उलटी केली. एक म्हणजे उत्तम, पाच म्हणजे अगदी वाईट. वर बारीक अक्षरांत तसं छापलंही — कुणी विचारलंच तर बोट ठेवून दाखवता यावं म्हणून. चुकून झालं असं मी स्वतःशीसुद्धा कधी म्हणू शकले नाही.

फॉर्म आले. पाच, पाच, पाच. मी ते छापल्याप्रमाणे मोजले आणि अहवालात शेरा मारला — असमाधानकारक. खालच्या मोकळ्या जागेत एकानं लिहिलं होतं, "कोनाला बी समजल असं शिकवलं. आनखी दोन दिस पायजे होतं." असे बरेच होते. एरवी हे अभिप्राय मी टाइप करून अहवालाला जोडते. त्या वेळी जोडले नाहीत. साहेबांनी विचारले नाहीत.

दुसऱ्या दिवशी नयना माझ्या टेबलाशी आली. डोळे रडून सुजलेले. "ताई, माझं कुठे चुकतंय?" एवढंच विचारलं तिनं. सांगता आलं नसतं का मला? फॉर्म खणातच होते, हाताच्या अंतरावर. मी तिला पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला आणि म्हटलं, "तू जरा जास्तच हसवतेस गं. लोक मनावर घेत नाहीत. स्लाइड्स कर, शुद्ध भाषेत बोल." आणि हे बोलताना — लपवत नाही — मला बरं वाटलं. फार बरं वाटलं.

तिनं माझं ऐकलं. शेवटच्या बॅचला कडक इस्त्रीची साडी नेसून आली आणि दोन तास पडद्यावरच्या ओळी वाचत राहिली. रुमाल नाही, बटण नाही, चिडवणं नाही. मी टेबलाशी कान देऊन बसले होते. शेडमधून एकदाही हसण्याचा आवाज आला नाही.

त्या दिवशीच्या फॉर्मवर मी पट्टी पुन्हा सरळ केली होती. पाच म्हणजे उत्तम, नेहमीसारखं. गोल पडले ते दोनवर, तीनवर. एकानं खाली लिहिलं होतं, "झोप आली." हा अभिप्राय मात्र मी टाइप करून जोडला. महिनाअखेरीस नयनाला घरी बसावं लागलं.

या शेवटच्या फॉर्ममध्ये मी काहीही फिरवलं नव्हतं. तिच्या त्या आकड्यांची बेरीज मी दोनदा तपासली. बरोबर होती. मी खाली सही केली.