दुसऱ्या टाकीसाठी अकरा बाटल्या

"हूबर पुढच्या महिन्याच्या बोटीने घरी जातो म्हणतोय. दुसरी टाकी तुम्ही एकटे चालू कराल का, दाते?" कारखान्याच्या मोठ्या साहेबांनी विचारलं.

मी "नाही" म्हणालो. नोकरी कायम व्हायला काही महिने उरलेल्या माणसाने असं उत्तर द्यायचं नसतं. पण हो म्हणून टाकीभर माल गटारात सोडण्यापेक्षा ते बरं होतं.

पन्नासच्या दशकातली गोष्ट आहे. पिंपरीचा आमचा औषधांचा कारखाना नवाकोरा होता आणि कंपाउंडच्या पलीकडे ज्वारीची शेतं होती. मी फर्मेंटेशन विभागात केमिस्ट होतो. फर्मेंटेशन म्हणजे आंबवणं. घरी आंबोळीचं पीठ आंबतं तसंच, फक्त भांडं दोन मजली उंच. त्यात साखरेच्या पाण्यावर एक बुरशी वाढवायची आणि ती बुरशी औषध तयार करते. मात्र हवेतून किंवा एखाद्या व्हॉल्व्हमधून एक जरी आगंतुक जंतू आत शिरला, तरी तो सगळ्यावर ताव मारतो आणि अख्खी बॅच फुकट जाते. याला आम्ही कंटॅमिनेशन म्हणायचो. पहिल्या टाकीत ते तीनदा झालं होतं.

हूबर ऑस्ट्रियाचा. टाक्या पुरवणाऱ्या कंपनीने त्याला वाफेच्या पाइपांसाठी आणि व्हॉल्व्हसाठी पाठवलं होतं. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक व्हॉल्व्हवर टेकवायचा, मूठ कानाला लावायचा आणि गळती कुठे आहे ते सांगायचा. त्याची निम्मी विद्या मला आली होती. नेमकी लागणारी निम्मी अजून यायची होती.

"त्याला काय बोचतंय ते शोधा," साहेब म्हणाले. "हवं ते द्या. कायद्यात राहून."

हे शेवटचं सांगायला कारण होतं. मुंबई राज्यात तेव्हा दारूबंदी होती आणि साहेब खादी नेसणारे, कट्टर बंदीवाले. परदेशी माणसांना परमिटवर ठरावीक बाटल्या मिळत. आम्हाला वासही वर्ज्य.

मी दुपारी गेस्ट हाउसवर गेलो. हूबर जेवायला बसला होता. पुढ्यात उकडलेलं मटण, उकडलेले बटाटे आणि थरथरतं कस्टर्ड. आमचा खानसामा गंगाराम मोशीचा. देहूरोडच्या मिलिटरी मेसमध्ये तो स्वयंपाक शिकला होता आणि गोऱ्या साहेबाला मीठसुद्धा झेपत नाही असं त्याचं पक्कं मत होतं. तो स्वतः आत बसून जे जेवत होता, त्याच्या लसणीच्या वासाने मला व्हरांड्यातच भूक लागली.

हूबरच्या हाताशी फ्रान्सची नावाजलेली लाल वाईन होती, परमिटवर मुंबईहून आणलेली. एकेक घोट तो मलेरियाचं कडू कोयनेल घेतल्यासारखा घेत होता. मी सहज म्हणालो, आवडत नसेल तर घेता कशाला? तो म्हणाला, बाहेरच्या देशात माणसाने चांगलं तेच टेबलावर ठेवावं.

खोलीच्या कोपऱ्यात एक लाकडी खोकं होतं आणि त्यावर त्याचे चिखलाचे बूट. आत काय आहे विचारल्यावर हा सहा फुटी माणूस चक्क लाजला. त्याच्या मेव्हण्याची वाईन होती. डॅन्यूब नदीच्या उतारावरच्या त्याच्या गावातली, पांढरी. जवळपासची तीन गावं सोडली तर तिचं नाव कुणाला ठाऊक नव्हतं. लेबलसुद्धा हाताने लिहिलेलं. मेव्हण्याने निघताना बळेच सामानात घातली होती. बंदरावरच्या पत्र्याच्या शेडमध्ये खोकं महिनाभर तापलं, तेव्हा आतल्या बारा बाटल्यांचा आता व्हिनेगार झाला असणार, असा हूबरचा हिशेब होता.

"तुम्ही केमिस्ट आहात. तपासून द्या. व्हिनेगार असेल तर गंगाराम पितळ घासायला घेईल."

अशा रीतीने एक बाटली अगदी कायदेशीर मार्गाने माझ्या लॅबमध्ये आली. रजिस्टरमध्ये मी लिहिलं: नमुना ७, आंबट द्रव.

व्हिनेगार झालेला नव्हता. तो एका वेगळ्या आम्लाने होतो आणि ते यात जेमतेम होतं. मग एकूण आंबटपणा मोजला. ब्युरेट म्हणजे खुणांची काचेची नळी. तिच्यातून अल्कली थेंबाथेंबाने सोडायची आणि नमुना गुलाबी झाला की थांबायचं. जितके थेंब जास्त, तितका आंबटपणा जास्त. इथे थेंब पडतच राहिले. हे सगळं टार्टरिक आम्ल. द्राक्षात असतं तेच चिंचेतही असतं.

तिथे माझी ट्यूब पेटली. संध्याकाळी घरून वाटीभर चिंचेचं सार झाकून नेलं आणि त्यालाही नळीखाली बसवलं. आकडा जवळपास तोच.

सुमतीला, म्हणजे माझ्या बायकोला, हे कळलं तेव्हा ती चिडली. "अहो, माझ्या साराची परीक्षा घेतलीत? लोकांच्या बायका काय म्हणतील?" मी म्हटलं, पास झालीस, ऑस्ट्रियातल्या एका उत्तम वाईनइतकं आंबट निघालं. हे कौतुक आहे की टोमणा, ते तिला दोन दिवस कळलं नाही. तेवढे दोन दिवस मला साराशिवाय काढावे लागले.

पण धागा मिळाला होता. सार आपण कशावर पितो? तिखट, तळलेल्या मासळीवर, भातावर. मग ही वाईन उकडलेल्या बटाट्यावर बेचव लागणारच. लाल वाईन सुपारीसारखी तुरट, ती तिखटावर घेतली तर तोंडाची आग दुप्पट. मेव्हण्याची बाटली नव्हे, गंगारामचं ताट चुकत होतं.

मी गंगारामला म्हटलं, तू स्वतः जेवतोस तेच रविवारी कर. तो कानाला हात लावू लागला. "आमचं जेवान सायबाच्या फुडं? माजी नोकरी जाईल, दातेसायेब. आन् लाज बी हाय का न्हाई?"

मला हसू आलं आणि लगेच ओशाळलोही. महिन्यापूर्वी हूबर आमच्याकडे जेवायला आला होता, तेव्हा मी पुण्याच्या कॅम्पातून पाव, लोणी आणि जॅम आणलं होतं. सुमतीने केलेलं सार मीच तिला आत ठेवायला लावलं होतं. त्याने मेव्हण्याच्या बाटल्या बुटांखाली दडवल्या, मी बायकोचं पातेलं दाराआड दडवलं. मला माझीच फार लाज वाटली.

ही वाईन गार करून प्यायची असते. गार जागा कारखान्यात एकच होती, बुरशीच्या नळ्या ठेवायची कोल्ड रूम. शनिवारी ती उघडलेली बाटली पुन्हा बूच मारून तिथे ठेवली आणि नेमके साहेब फेरीवर आले.

"हे काय?"

"नमुना सात, साहेब. आंबट द्रव."

"बूच एवढं घट्ट?"

"बाहेरचं काही आत जाऊ नये म्हणून."

साहेबांनी रजिस्टर मागवलं. आमच्या तक्त्यात शेवटचा रकाना चवीचा असे. तिथे मी "बाकी" लिहिलं होतं. साहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. "ती बाकीच राहू द्या," म्हणाले आणि निघून गेले.

रविवारी गंगारामने मरळ आणली. देहूच्या डोहातले मासे देवाचे, ते कुणी धरत नाही, म्हणून मी खात्री करायला गेलो, तर तो दुखावला. "तिकडं कोन हात लावतंय? पवनेची हाय." तांदळाच्या पिठात घोळवून, लसूण-मिरची लावून त्याने ती तळली. सोबत भात. माझ्या पेल्यात सार, हूबरच्या ग्लासात मेव्हणा.

पहिल्या घासाला हूबरचं नाक वाहू लागलं. सवयीने त्याने लाल बाटलीला हात घातला आणि घोट घेतल्यावर कानापर्यंत लाल झाला. मी मेव्हण्याचा ग्लास पुढे सरकवला. तो प्याला. पुन्हा खाल्लं. पुन्हा प्याला. मग काटा-चमचा बाजूला ठेवून बोटांनी काटे काढू लागला.

"आमच्याकडे नदीचे मासे असेच तळतात," तो शेवटी म्हणाला. "वीस वर्षं मी मेव्हण्याला सांगतोय, तुझी वाईन चारचौघांत ठेवण्यासारखी नाही." त्याचे डोळे भरून आले होते. मिरचीने नव्हे, हे मी खात्रीने सांगतो. गंगाराम दारात चुळबुळत उभा होता. हूबरने त्याला विचारलं, उद्या काय? गंगाराम म्हणाला, पिठलं.

सोमवारी हूबरने साहेबांना सांगितलं की खोकं संपेपर्यंत मी राहीन, त्यानंतर एक दिवसही नाही. लॅबमध्ये फोडलेल्या त्याच बाटलीवर रविवार निभला होता. बारातल्या अकरा उरल्या. दर रविवारी एक, म्हणजे अकरा आठवडे. टाकीला, सगळं सुरळीत झालं तरी, चौदा लागणार होते.

तेव्हापासून दर सोमवारी साहेबांचा पहिला प्रश्न, "किती उरल्या?" बंदीवाल्या माणसाने इतक्या मायेने बाटल्या मोजलेल्या मी तरी पाहिल्या नाहीत. एका आठवड्यात गंगारामने भरलं वांगं केलं आणि हूबरने बुधवारीही एक उघडली, तेव्हा साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. मी गंगारामला हळूच तिखट कमी करायला सांगितलं. हूबरने माझ्याकडेच तक्रार केली की खानसामा आजारी दिसतो.

तीन उरल्या आणि टाकीच्या खालच्या व्हॉल्व्हला गळती निघाली. साहेबांनी मला बोलावलं. त्याच गावच्या आणखी एका खोक्यासाठी दारूबंदी खात्याकडे अर्ज टाइप करून घेतला. कारण: दुसरी टाकी चालू करण्यासाठी अत्यावश्यक. सही करताना पेन थबकलं.

"चांगली आहे ना हो ही?"

"आंबटपणा उत्तम आहे, साहेब."

"मी ते विचारलं नाही," म्हणाले, आणि सही केली.

उत्तर पंधरा दिवसांनी आलं. या नावाची वाईन कुठल्याच यादीत नाही. हवी असल्यास फ्रान्सची नावाजलेली लाल मिळेल.

तोवर एकच बाटली उरली होती. मी पत्र घेऊन हूबरकडे गेलो. त्याने ते वाचलं, घडी केली आणि ती बाटली पुन्हा खोक्यात ठेवली. म्हणाला, खोकं संपेपर्यंत, असा माझा शब्द आहे. संपलेलं नाही.

पुढचे सगळे रविवार तो आमच्या घरी जेवला आणि सुमतीचं सार प्याला, दोन-दोन पेले. आठवडाभर आम्ही दोघे स्क्रू-ड्रायव्हर कानाला लावून टाकीखाली बसायचो. उरलेली निम्मी विद्या मी तिथेच शिकलो. बॅच स्वच्छ निघाली त्या दुपारी त्याने शेवटचं बूच काढलं आणि दुसऱ्या आठवड्यात तो बोटीने गेला. तिसरी टाकी मी एकट्याने चालू केली.

पुढे माझ्या हाताखाली बाहेरून बरेच तज्ज्ञ येऊन गेले. यंत्राबद्दल मी त्यांना दुसऱ्या दिवशी विचारायचो. पहिल्या दिवशी एवढंच, की घरी काय जेवता, आणि ते सांगायला लाजता का?