सदाशिव पेठेत टांझानियाची सुंदरी

गल्लोगल्ली कॉम्प्युटर क्लास निघत होते, त्या काळात आमच्याकडे एक पेइंग गेस्ट राहायची. टांझानियाची. माझ्याच वर्गात होती. आईला काकू म्हणायची आणि तिच्या हातची आमटी वाटीला तोंड लावून प्यायची, त्यामुळे घरात माझी किंमत शून्य झाली होती.

एक दिवस ती नाचतच घरात शिरली. भारतभर शिकणाऱ्या टांझानियाच्या मुलींची सौंदर्यस्पर्धा, आणि तीही पुण्यात! पहिलं बक्षीस म्हणजे घरी जाऊन यायचं विमानाचं तिकीट. दोन वर्षं तिने आपल्या आईचं तोंड पाहिलं नव्हतं. आयएसडी बूथवर फोन लागला की दोघी नुसत्या रडायच्या, बोलायचं राहूनच जायचं.

"मग जिंकायलाच पाहिजे!" आई म्हणाली, आणि झालं! जिने मला कधी लिपस्टिकला हात लावू दिला नाही, ती बाई रोज संध्याकाळी पदर खोचून पॅसेजमध्ये उभी. "ताठ चाल! अगं, कंबर कुठे निघाली? तिला बरोबर घेऊन चाल!" मी परीक्षक.

"तुझं स्वप्न काय?"

"जगात शांतता."

"आधी बाथरूममधलं गाणं बंद कर," इति आई.

स्पर्धा आमच्याच पेठेतल्या मंगल कार्यालयात होती. बिल्डिंगमधल्या झाडून सगळ्या बायका ठेवणीतल्या साड्या नेसून निघाल्या. दारातच मॅनेजरांनी अडवलं.

"मुलीकडचे कोण?"

"आम्ही!" आईने क्षणाचाही विचार केला नाही.

"आणि मुलाकडचे?"

"अहो, मुलगाच नाहीये. स्पर्धा आहे."

"असेना. वेळेत आटपा." असं म्हणून त्यांनी सवयीने अक्षतांचं ताट पुढे केलं, आणि आम्हीही सवयीने मुठी भरून घेतल्या.

आमची पोरगी काय चालली हो! मी तर खुर्चीवर चढून ओरडत होते. निकालाची वेळ आली. तिसरा नंबर पुकारला, आणि मागच्या काकूंनी धाडकन अक्षता टाकल्या. "थांबा हो! शुभमंगल व्हायचंय अजून!" आई खेकसली. दुसरा नंबर. तोही हिचा नाही. आईने माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली.

पहिला नंबर आमचा! मग काय विचारता! तिच्या मुकुटावर, केसांत, परीक्षकांच्या सुटांवर अक्षताच अक्षता. स्पर्धा बघायला आलेल्या टांझानियाच्या पोरांना हा प्रकार एवढा आवडला की ती खालच्या वेचून एकमेकांवर उडवायला लागली. मॅनेजर झाडू घेऊन उभे होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघी बूथवर. ती आपल्या आईशी बोलली आणि मग तिने रिसीव्हर माझ्या आईच्या हातात दिला. आईला स्वाहिली येत नव्हती, त्या बाईंना मराठी. "अहो, पोर पहिली आली हो! येतेय तुमच्याकडे!" आई इतक्या जोरात ओरडली की रांगेतले लोक दचकले. तिकडून हसणं ऐकू आलं, मग रडणं, आणि आईही डोळे पुसायला लागली.

"पण महिनाभरच हं," आई रिसीव्हरमध्ये म्हणाली. "मग परत पाठवा. मला हिच्याशिवाय करमायचं नाही."

मग तिने रिसीव्हर पोरीकडे दिला. "सांग ना गं त्यांना," आई म्हणाली. "नीट सांग."