अक्काचे रविवार

अक्का गेली त्या रविवारी मी मुलुंडला माझ्या स्वयंपाकघरात तिच्यासाठीच मटकी निवडत होते. संध्याकाळी ती जेवायला येणार होती. फोन वाजला तो देवनारहून. पलीकडे नसीमआपा होत्या. देवनारला एका बेकरीच्या माळ्यावर अक्काने जे उर्दू वाचनालय उभं केलं, त्याचं सगळं त्या बघतात. "शालिनीताई, निघा तुम्ही... रत्नाआपांना हॉस्पिटलमध्ये नेलंय," एवढंच म्हणाल्या. मी पोचले तोवर सगळं संपलं होतं. वाचन चालू असताना बसल्या जागी तिची मान कलली होती. हॉस्पिटलच्या बाकड्यांवर वाचनालयातल्या बाया रडत बसल्या होत्या आणि मी, सख्खी बहीण, सगळ्यांत शेवटी आलेली. मी नसीमआपांना विचारलं, "शेवटचं काय बोलली?" त्या जरा घुटमळल्या. "काही नाही हो. पंखा थोडा कमी करा म्हणाल्या." उर्दूत म्हणाली असणार. मला त्या पंख्याचासुद्धा हेवा वाटला... अशा लेखात माणसं दुःखाबद्दल लिहितात. दुःख मलाही आहे. पण इतके आठवडे उलटले तरी अक्काची आठवण आली की आधी हा हेवाच वर येतो, आणि तो झाकून लिहिलं तर हा लेख दुसऱ्याच कुणाच्या बहिणीवरचा होईल.

आमचे बाबा परभणीकडचे. त्यांच्या लहानपणी तो निजामाचा मुलूख, शाळा उर्दूतून. गावकुसाबाहेरच्या या पोराला तिथल्या मौलवींनी वर्गात बसवून घेतलं आणि त्या मायेची म्हणा की त्या अक्षरांची म्हणा, बाबांना जन्मभराची ओढ लागली. पुढे ते मुंबईत आले, माहुलच्या रिफायनरीत फिटर झाले, घाटकोपरच्या टेकडीवर आमची एक खोली झाली. अक्का, म्हणजे रत्नमाला, चौथीत असताना तिला टायफॉइड झाला आणि शाळा बुडाली. पाळीवरून आले की बाबा तिच्या उशाशी बसत आणि पाटीवर अलिफ, बे काढून दाखवत. मी ठणठणीत होते, म्हणून मला शाळेत पिटाळलं जाई. अक्का बरी होऊन उठली तेव्हा त्या दोघांची एक भाषा झालेली होती. आई आणि मी तिच्या बाहेर. जेवताना बाबा हळूच काहीतरी म्हणत आणि अक्का खुदकन हसे. "काय म्हणाले गं?" "तुला नाही कळायचं." "सांग ना!" "मराठीत सांगितलं की मजा जाते त्यातली." एकदा मीही पाटी घेऊन बाबांपुढे बसले. पण माझा हात सवयीने डावीकडून उजवीकडेच पळे. "शालू, उलटी चाललीस!" म्हणून अक्का पोट धरधरून हसली आणि मी पाटी तिथेच टाकून उठले. बाबा म्हणाले, "राहू दे, तुझं मराठी छान आहे." मी पुढे महापालिकेच्या शाळेत मराठीची शिक्षिका झाले. त्यात त्या एका वाक्याचा हात किती, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

अक्काने लग्न केलं नाही. मरोळच्या एका औषध कंपनीत ती टायपिस्ट म्हणून लागली आणि काही वर्षांनी तिथल्याच औद्योगिक वसाहतीत एक गाळा घेऊन तिने स्वतःचा धंदा मांडला. इंजेक्शनच्या बाटलीवरचं ते राखाडी रबरी बूच, ज्यातून सुई आत जाते, ते अक्का बनवायची. धंदा झकास चालला. पण बाबा गेले आणि तिच्याशी उर्दूत बोलणारं कुणी उरलं नाही. "शालू, जिभेला गंज चढतोय गं," ती एकदा म्हणाली. मी समोर बसले होते, तिच्याशी मराठीत तासभर बोलत होते, आणि तिच्या जिभेला गंज चढत होता! मग कुणीतरी तिला नसीमआपांचं नाव सांगितलं. त्या निवृत्त उर्दू शिक्षिका. त्यांच्या घरी रविवारी बाया गोष्टी वाचायला जमत, पण घर लहान, बसायला जागा नाही. अक्का एकदा तिथे गेली आणि मग जातच राहिली. बेकरीवरची खोली आधी तिने भाड्याने घेतली, मग विकतच घेतली. कपाटं आली, पुस्तकं आली. घरच्यांपासून लपवून कथा लिहिणाऱ्या बायांची पुस्तकं तिने छापून घेतली, उर्दू शाळांना वाचनालयं करून दिली. एका म्हाताऱ्या कथाकाराची नजर गेली होती, तर ही कारखानदारीण त्यांच्यासमोर मांडी घालून बसायची आणि ते सांगतील ते लिहून घ्यायची. त्यांचं पुस्तक निघालं त्या दिवशी ती मागच्या रांगेत बसली. स्टेजवर बोलावलं तर म्हणाली, "माझा काय संबंध? मी बुचं बनवते."

मलाही तिने काही कमी केलं नाही, हे सांगायला हवं. आमच्या शाळेत मुलांना वाचायला पुस्तकं नाहीत असं मी बोलून गेले, तर त्याच आठवड्यात टेम्पो भरून कपाटं आणि मराठी पुस्तकं आली. मी फाटकाशी उभी होते. टेम्पोतून ड्रायव्हर उतरला, हमाल उतरले. अक्का काही उतरली नाही. रात्री फोन केला तर म्हणाली, "पोचलं ना सगळं? मग झालं तर." माझ्याकडे टेम्पो आणि देवनारला ती स्वतः, दर रविवारी, पुस्तकांची पिशवी खांद्याला लावून...

एकदाच आम्ही कडकडून भांडलो. एका पुस्तकाच्या समारंभाला मी पहिल्यांदा त्या खोलीवर गेले. दारावर हिरवा बोर्ड, त्यावर सुरेख वळणदार अक्षरं. मी नसीमआपांना विचारलं, काय लिहिलंय? आपा मूळच्या रत्नागिरीकडच्या, मराठी माझ्याइतकंच फर्डं. "म्हणजे? तुम्हाला ठाऊक नाही? तुमच्या वडिलांचं नाव आहे." समारंभ होईपर्यंत मी कशीबशी कळ काढली. मग जिन्यातच, खालून भाजत्या पावांचा वास येत असताना, अक्काला अडवलं.

"बाबांचं नाव लावलंस आणि मला एका शब्दाने सांगितलं नाहीस?"

"सांगितलं असतं तर मराठीत लिही म्हणाली असतीस."

"मग लिहायचं ना! माझे कुणी नव्हते का ते?"

"बाबांनी जन्मात कधी मराठीत सही केली का गं?"

"आणि मी वाचू कशी, अक्का? माझ्या बापाचं नाव मी दुसऱ्याला विचारून वाचू?"

मी निघून आले. दर वर्षी चौदा एप्रिलला, जयंतीला, ती माझ्याकडे खीर खायला यायची, त्या वर्षी आली नाही. मीही बोलावलं नाही. पातेलंभर खीर शेजारी वाटून टाकली. मग एका संध्याकाळी ती अचानक दारात. जेवली, हात धुताना पाठमोरीच म्हणाली, "बोर्ड बदललाय. बघून ये." मी दुसऱ्याच दिवशी गेले. बाबांचं नाव आता उर्दूतही होतं आणि मराठीतही, दोन्ही अक्षरं सारख्याच उंचीची. भांडायला काही शिल्लकच ठेवलं नव्हतं तिने. मला त्याचाही राग आला.

तिचा जलदानविधी आम्ही मुलुंडच्या विहारात केला. देवनारच्या बाया आल्या, मागे शांत बसून राहिल्या. मग त्यांनी वाचनालयात शोकसभा ठेवली आणि मला नेलं. मी आत पाऊल टाकलं तशी कुजबुज झाली, "अच्छा, हीच शालू!" मी कुणालाच ओळखत नव्हते, मला मात्र सगळ्या ओळखत होत्या. एक बाई माझा हात धरून म्हणाली, "आप ही नींद में अलिफ-बे बोलती थीं ना?" मला कळेना. मग नसीमआपांनी सांगितलं. नवी कुणी बाई आली आणि वाचायला लाजली की अक्का ही गोष्ट सांगायची... माझी धाकटी बहीण दिवसा रुसून पाटी फेकायची, पण आमचा धडा कान देऊन ऐकायची आणि झोपेत सगळी अक्षरं बरोबर क्रमाने म्हणायची. बाबा आणि मी दिवा बारीक करून ऐकत बसायचो. हाक मारली तर थांबेल, म्हणून मारायचो नाही.

"मला का नाही सांगितलं तिने?" मी विचारलं.

"सांगायचं होतं त्यांना. पण तुम्ही चिडाल म्हणायच्या."

चिडलेच असते. आताही चिडले. बाबा त्यांच्याकडे, अक्का त्यांच्याकडे, आणि आता माझी लहानपणची झोपही त्यांच्याकडे निघाली. जी गोष्ट माझी होती ती या खोलीतल्या प्रत्येकीला पाठ होती आणि मला परक्यासारखी ऐकावी लागली. मी रडले, तेव्हा त्यांना वाटलं अक्कासाठी रडतेय. तेही खोटं नव्हतं.

पुढच्या रविवारी मी न बोलावता गेले. खिडकीशी एक वेताची खुर्ची होती, तिच्यावर घडी घातलेली शाल. सगळ्या खाली सतरंजीवर बसलेल्या, खुर्ची मात्र रिकामी ठेवलेली. मी शाल उचलून मांडीवर घेतली आणि बसले. एकीने आपांकडे बघितलं. "बसू दे," आपा म्हणाल्या. वाचन सुरू झालं. मला एकही वाक्य धड कळलं नाही, कुणाला अर्थ विचारलाही नाही. अक्काच्या बाजूने ती खोली कशी दिसते एवढं बघत राहिले.

तेव्हापासून दर रविवारी जाते. आपा म्हणतात, ताई, अक्षरं शिकवते, महिन्याभरात येतील. मी नको म्हणते. पण घरून लवकर निघते. त्या खुर्चीत माझ्याआधी दुसरं कुणी येऊन बसलेलं मला चालणार नाही.