मेटॅडोरमधली फिरती सीट

विहिरीच्या पायरीवरून पडले तेव्हा मी तिशीही गाठली नव्हती. हाड जुळलं, पण डावा पाय गुडघ्यात वाकेनासा झाला तो कायमचा. काठी घेऊन घरात, मागच्या परड्यात फिरता यायचं. त्यापलीकडे काही नाही. एसटीत चढता येत नव्हतं, रिक्षात सरळ पाय मावत नव्हता. पावस गावातल्या आमच्या घरातून समुद्र ऐकू यायचा, पण वर्षानुवर्षं तो मला दिसत नसे.

नवरा बोटीवर होता. एका रजेत आला तो डोक्यात एक खूळ घेऊनच. परदेशातल्या कुठल्याशा बंदरात त्याने चाकांवरचं घर पाहिलं होतं. आत चूल, बिछाना, आणि पुढची सीट चक्क मागे वळायची.

"अगं, सीट दाराकडे वळवायची, तू बसायचं, आणि सीटच तुला आत घेईल. पाय वाकवायलाच नको!"

त्याने जुनी मेटॅडोर व्हॅन घेतली आणि मिरजोळ्याच्या एका मिस्त्रीकडून तशी सीट करून घेतली. खाली जाड तबकडी, आणि सीट जागेवर धरून ठेवायला स्प्रिंगची खिटी. मला मागच्या बाकावर उचलून ठेवून तिथे नेलं होतं. पहिल्यांदा बसले, सीट वळली आणि माझा पाय अलगद आत आला, तेव्हा मला हसूच फुटलं.

गाडीत असा बदल केला की आरटीओचं पासिंग लागतं. त्याआधी घरी न्यावी, वाटेत कशी चालते तेही कळेल, म्हणून आम्ही निघालो. कातळावरच्या उतारावर एक म्हैस आडवी आली आणि त्याने ब्रेक दाबला. खिटी सुटली. सीट दाराकडे न वळता आतल्या बाजूला गरकन फिरली आणि माझा सरळ पाय दोन सीटांच्या मधलं इंजिनाचं झाकण आणि पुढचा पत्रा यांच्यात रुतून बसला. झाकण तापलेलं होतं.

त्याने सीट ओढली, ढकलली, खाली वाकून खिटीवर दगड मारला. हलेना. पाण्याची बाटली पंच्यावर ओतून तो पोटरीखाली सरकवला.

"मिस्त्रीला घेऊन येतो. घाबरू नकोस."

"अहो, पण दार तरी उघडं ठेवा."

तो धावत गेला. मी तशीच, तोंड एकीकडे आणि अंग एकीकडे. पंचा बघता बघता सुकला. सगळीकडे काळाकुट्ट कातळ, एक झाड नाही. गवताचे भारे घेऊन दोन बायका आल्या, थांबल्या.

"काय झाला गो?"

"काही नाही. आमचे हे येतायत."

त्या गेल्यावर मात्र वाटलं, थांबवायला हवं होतं. पोटरीला फोड येत असल्याचं कळत होतं, आणि मला हात लांबवूनही काहीच करता येत नव्हतं. मिस्त्रीने येऊन बोल्टच काढले, तेव्हा कुठे मी सुटले.

"वैनी, चूक झाली," तो म्हणाला. "आता अशी बसवतो की हत्तीने ओढली तरी सुटायची नाही."

तसंच केलं त्याने. सीट आत वळू नये म्हणून लोखंडी अडसर घातला, स्प्रिंग दुप्पट जाड लावली.

पासिंगच्या दिवशी मला उचलून गाडीच्या मागच्या बाकावर बसवलं होतं. इन्स्पेक्टर वयस्क, शांत होते. त्यांनी सीटवर तांदळाचं पोतं बांधायला लावलं, गाडी उतारावर सोडून जोरात ब्रेक मारायला लावला. सीट हलली नाही. नवरा माझ्याकडे बघून हसला.

मग इन्स्पेक्टर माझ्याकडे वळले. "ताई, या सीटवर तुम्हीच बसणार ना? बसा. आणि आता कोणाची मदत न घेता सीट सोडवून दाखवा."

मी बसले. हात खाली घालून खिटी ओढली. मग दोन्ही हातांनी ओढली. बोटं लाल झाली, खिटी हलली नाही. सगळे बघत होते.

"साहेब, मी असतोच की बरोबर," नवरा म्हणाला.

"आणि तुम्हालाच लागलं तर? गाडी पाण्यात गेली, पेटली तर?"

"स्प्रिंग हलकी करतो," मिस्त्री म्हणाला आणि खिटीकडे बघून लगेच मागे सरला. हलकी केली की काय होतं ते त्याने पाहिलं होतं.

"माणूस आत अडकून राहील अशी सीट मी पास करणार नाही," इन्स्पेक्टर म्हणाले.

त्यांचा राग यायला हवा होता. पण विहिरीपासून त्या दिवसापर्यंत, तुला स्वतःला जमेल का, हे मला विचारणारे ते एकटेच.

रजा संपत आली होती. मिस्त्रीने सीट माझा पाय मावेल इतकी मागे घेतली, तबकडी वेल्डिंग करून ती सरळ पक्की केली आणि गाडी पास झाली. नवरा बोटीवर गेला. आता मला दोघांनी उचलून आत ठेवावं लागे आणि उचलूनच बाहेर काढावं लागे.

धाकट्या बहिणीचं लग्न देवरूखला होतं. दिराने गाडी थेट मांडवासमोर उभी केली. चुलतभाऊ उचलायला पुढे आले. सगळी वऱ्हाडी मंडळी बघत होती. मी म्हटलं, "नको. मी इथेच बसते."

मंगलाष्टकं मी काचेतून ऐकली. अक्षता हातातच राहिल्या. जेवणाच्या वेळी आई पान घेऊन आली, पदर खोचून ड्रायव्हरच्या जागेवर चढून बसली.

"बाय, घरी बसून होतीस तेव्हा तरी मी यायचे तर तू दारात उभी दिसायचीस," ती म्हणाली. जिलबीचा तुकडा तिने माझ्या तोंडाशी धरला, जसा लहानपणी धरायची.

पुढच्या रजेत नवऱ्याने आल्या आल्या विचारलं, "गाडी कशी वाटते?"

"विका ती," मी म्हटलं.

त्याचा चेहरा उतरला. दोन दिवस तो गाडीच धूत बसला. तिसऱ्या दिवशी एका मासळीवाल्याला घेऊन आला. मासळीवाल्याने ती सीट उपटून काढली, बर्फाच्या पेट्यांना जागा हवी म्हणून. गाडी गेली तेव्हा मला हलकं वाटलं. मग नवरा पडवीत येऊन बसला आणि म्हणाला, "बरं, तूच सांग आता. कुठे जायचंय, कसं जायचंय?"

इतक्या वर्षांत मला कुठे जायचंय याचा मी विचारच केला नव्हता.