सोपानरावांचं 'समजते'

सोपानराव गेल्याचा फोन आला तेव्हा मी जेवायला बसलो होतो. त्यांच्या सुनेनं सांगितलं आणि मी वेड्यासारखं विचारलं, "नक्की ना?" जन्मभर बातम्या तपासायची खोड, दुसरं काय! महिना उलटला तरी त्या प्रश्नाची लाज वाटते…

सोपानराव चकलांब्याचे. शेती आणि चार म्हशी सांभाळून आमच्या बीडच्या दैनिकाला बातम्या पाठवायचे. मी तिथं उपसंपादक. बातमीचं पाकीट ते दुपारच्या एसटीच्या कंडक्टरकडे देत, आमचा शिपाई ते संध्याकाळी स्टँडवरून आणी. गाडी चुकली की बातमी शिळी. त्यांच्या वडिलांनी जुन्या इंग्रजी वर्तमानपत्रांचे गठ्ठे बांधून ठेवले होते, ते सोपानरावांनी वाचून काढलेले. त्यात जिथं तिथं 'लर्न' हे क्रियापद, 'कळणे' या अर्थानं. आमच्या बातमीदाराला असं कळतं, तसं कळतं… "लई सोयीचं हाय बघा," ते हसायचे. "कुनी सांगितलं ते झाकायचं, अन् खोटं निघालं तर आपुन मोकळे!" आमच्या मराठी बातम्यांतलं 'समजते' तिथूनच आलेलं. सोपानराव मात्र ते लिहायचे नाहीत, आधी जाऊन बघायचे.

एकदाच चुकले. दुष्काळाचं साल होतं. गावापुढच्या वस्तीला टँकर मिळावा म्हणून त्यांनीच महिनाभर बातम्यांचा धोशा लावला होता. एका दुपारी दूध सोसायटीचे चेअरमन त्यांना स्टँडवर भेटले आणि म्हणाले, "आला की वं तुमचा टँकर!" गाडी सुटायला आलेली. सोपानरावांनी उभ्या उभ्या लिहिलं, 'वस्तीवर टँकर पोहोचल्याचे समजते', आणि पाकीट कंडक्टरच्या हातात कोंबलं.

इकडे माझ्या पानावर जागा अपुरी. मी 'समजते' खोडलं आणि 'वस्तीवर टँकर पोहोचला' असं करून टाकलं. टँकर गेला होता भलत्याच वस्तीवर. आमचं कात्रण तहसील कचेरीत पोचलं आणि या वस्तीचं नाव टँकरच्या यादीतून उडालं.

सोपानराव बीडला आले तेव्हा माझी पाचावर धारण बसली होती. आता 'काय करून ठेवलं हे' म्हणून अंगावर येणार, असंच वाटलं. ते खुर्चीत बसले, पाणी प्यायले. "साहेब, मी तरी कुठं डोळ्यानं बघितलं होतं? दुरुस्ती छापा." छापली. आठ-दहा दिवसांनी टँकर सुरू झाला आणि मी ते सगळं विसरून गेलो.

दहाव्याला चकलांब्याला गेलो. सोपानरावांची सायकल ओसरीत भिंतीला टेकून होती. एक म्हातारी तिच्या कॅरियरवरून हात फिरवत उभी. त्या वस्तीवरच्या गयाबाई. "भाऊ आमच्याम्होरं येऊन म्हनले, बातमी माझी, चूक माझी. लोक लई बोलले, एकानं चप्पल उगारली. भाऊंनी मान खाली घातली ती वर केली न्हाई. पर टँकर येईस्तोर रोज ह्या सायकलीला घागरी बांधून पानी आनलं. माझी लेक बाळंतीन व्हती तवा…"

डोळे पुसून त्यांनी विचारलं, "तुमी कोन त्यांचे?"

"मित्र," मी म्हणालो. पुढं बोलायला जीभ रेटली नाही. म्हणून इथं लिहितोय. गयाबाई, ती चप्पल माझ्या वाट्याची होती.